सुलभाच्या अंदाजातून वजा केलेला तास

माझी चूक आधी सांगतो. ती न सांगता सुलभाविषयी लिहायला बसलो, तर तिच्याविषयीची प्रत्येक ओळ थोडी खोटी पडेल. पंचवीस वर्षं जिच्यासोबत संसार केला, त्या माझ्या पत्नीच्या नावाचा आधार घेऊन मी एका भल्या माणसाला त्याची होडी प्रवाळाच्या कड्यापलीकडे न्यायला लावली. तिनेच दिलेला इशारा तिच्याच नावाने मोडून काढला. आणि त्यातून जे घडलं त्याचा दोष त्या माणसाच्या माथी असताना जवळजवळ वर्षभर गप्प बसलो.

सुलभा म्हटलं की मला सर्वांत आधी दिसतो तो तिचा उजवा तळवा. तारनाक्याच्या आमच्या घरात सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या जाळीतून गाळून जेवणाच्या टेबलावर उतरतं, आणि त्या उन्हाच्या चौकटीत तिचा तळवा समुद्र होऊन हलत असतो. बोटं टेबलावर टपटप वाजवली की ती वाऱ्याने उठवलेली जवळची लाट. आणि सबंध तळवा टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, श्वास घेणाऱ्या पाठीसारखा, हळूहळू वर येत खाली जात सरकवला की ती दूरची लाट. हजारो मैलांवर दक्षिणेत कुठेतरी वादळ झालेलं असतं, ते शमून चार दिवस झालेले असतात, आणि इकडे बेटांवर आकाश निळंभोर, झावळीही हलत नाही, अशा शांत सकाळी ती लाट येऊन पोहोचते. तिकडची माणसं तिला चोर समुद्र म्हणतात. सुलभा म्हणते, चोर कसला, पाहुणी आहे; आगाऊ कळवून येते, फक्त पत्र वाचणारं कोणी हवं.

ते पत्र वाचणं हे तिचं काम. लाटांचा अंदाज वर्तवणारं तिचं कार्यालय इथेच, हैदराबादेत आहे, आणि या शहराला समुद्र नाही. तिच्या ऑफिसच्या गाडीचा थांबा आहे तिथला पेरूवाला तिला गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारतो, "अम्मा, समुंदर तो है नई इधर, फिर आपका ऑफिस कायकू है?" आणि ती दर वेळी तितक्याच गांभीर्याने सांगते, "भाई, दूरसेच पूरा दिखता." बेगम बाजारात वर्षाच्या मिरच्या घ्यायला गेलो की दुकानदार विचारतो, मॅडम, पाऊस सांगा, माल उन्हात टाकू का? ती हसून म्हणते, तुमचं आभाळ दुसऱ्यांकडे, माझ्याकडे फक्त पाणी. या खडकांच्या शहरात, जिथे एकावर एक तोललेले धोंडे युगानुयुगं हलत नाहीत, तिथे एक बाई रोज सकाळी हलत्या पाण्याचा हिशोब मांडते, याचं मला कधी नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. अभिमान होता, पण तो घरातल्या चांगल्या घड्याळाविषयी असतो तसला होता. वेळ बरोबर दाखवतं म्हणून असलेला, आत काय फिरतं ते न पाहता केलेला.

तिचं माहेर उदगीरकडचं. काळ्या मातीत वाढलेल्या या मुलीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी. तोवर तिला लाट म्हणजे जोंधळ्याच्या रानावरून जाणारा वारा एवढंच ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच तिच्या वर्षाचे ऋतू निराळे झाले. आमचं वर्ष उन्हाळा, पावसाळा, थंडी असं जातं. तिचं वर्ष वाऱ्याच्या लाटांचे महिने, उतरत्या समुद्राचे महिने, आणि चैत्र-वैशाखातले ते फसवे शांत दिवस यांतून फिरतं. रस्त्यावरचा गुलमोहर पेटतो, डांबर मऊ पडतं, माणसं सावलीच्या कडेकडेने चालतात, तेव्हा ही बाल्कनीत उभी राहून त्या पांढऱ्या उन्हाकडे बघत म्हणते, "आता दक्षिणेत थंडीची वादळं सुरू व्हायलीत." तिच्या डोळ्यांसमोर कोणता समुद्र असतो कोण जाणे. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं वार्धक्य आणि एक प्रकारचं शैशव एकत्र येतं, आणि मी चहाचा पेला तिच्या हातात देऊन निमूट आत येतो.

तिच्या कामातली एक रीत कार्यालयाने घालून दिलेली नाही, तिची स्वतःची आहे. सकाळी निघण्यापूर्वी ती बेटांवर फोन करते. मिनिकॉय, कल्पेनी, अंद्रोत, कवरत्ती, अगत्ती आणि आणखी एक लहान बेट, ज्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. प्रत्येक बेटावर तिचं एक माणूस आहे. कुठे शाळेतल्या बाई, कुठे धक्क्यावरचा कारकून, कुठे होडीवाला. काल अंदाज काय दिला होता ते ती सांगत नाही. आधी विचारते, काल समुद्र कसा होता? आणि ऐकून घेऊन मगच, हातातल्या वहीकडे बघत, मेरा क्या गलत हुआ, असं म्हणते. रोज. स्वतःची चूक शोधण्यासाठी सकाळी सहा फोन करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्या लहान बेटावरचं तिचं माणूस म्हणजे कोयाक्का. पन्नाशी उलटलेला होडीवाला. सुलभा म्हणायची, यंत्राने मोजलेली लाट आणि कोयाक्काने पायाखाली मोजलेली लाट यांत वीतभरही अंतर पडत नाही. फोनवर त्याचा आवाज पाण्याच्या आवाजात बुडत-उगवत यायचा. "मैडम, कल आप आधा मीटर कम लिखा!" असं तो विजयी सुरात सांगायचा, आणि ही तितक्याच आनंदाने वहीत लिहून घ्यायची. माणसाला आपली चूक दाखवणाऱ्याविषयी एवढा स्नेह वाटावा, ही गोष्ट मी रोज सकाळी, कांदा चिरता चिरता, ऐकत होतो.

मागल्या वर्षी वैशाखात, होडीवाल्यांना इशाऱ्यांचे रंग आणि आकडे समजावून सांगण्यासाठी तिला त्या बेटावर जायचं होतं. माझ्या रजा पडून होत्या. मीही गेलो.

आता माझ्याविषयी दोन शब्द. मी सिकंदराबादला रेल्वेच्या वेळापत्रक विभागात आहे. माझ्या धंद्यातलं उघड गुपित असं, की प्रत्येक वेळापत्रकात मोकळीक दडवलेली असते. शेवटच्या दोन स्थानकांमध्ये गाडीला लागतो त्याहून जास्त वेळ लिहिलेला असतो. वाटेत झालेला उशीर तिथे भरून निघतो आणि गाडी वेळेवर आल्यासारखी दिसते. तीस वर्षं हेच करून माझी दृष्टी अशी झाली, की कोणताही लिहिलेला आकडा पाहिला की त्यातली मोकळीक मी मनातल्या मनात वजा करतो. शिवाय सुलभाला मी घरात ओळखत होतो. गाडी नऊची असली की ही आठला फलाटावर. पाहुणे चार यायचे असले की भात सहांचा. अशा बाईचा अंदाजही तासाभराने फुगवलेला असणार, हे मी कधी तपासलं नाही, गृहीतच धरलं.

होडीवाल्यांच्या सभेच्या दिवशीचं तिचं पत्रक धक्क्यावर लावलेलं होतं. लाल पट्टी. सकाळी अकरापासून प्रवाळाच्या कड्यातल्या खिंडीतून ये-जा करू नये. लाटेची उंची दीड मीटर, दोन लाटांमध्ये अठरा सेकंद. मी उंची पाहिली आणि मनात हसलो. दीड मीटर म्हणजे माझ्या खांद्याइतकी. दोन गाड्यांमधलं अंतर राखण्यात आयुष्य गेलेल्या मला त्या अठरा सेकंदांचा अर्थ विचारावासा वाटला नाही. दोन लाटांमधलं अंतर जितकं मोठं तितका तिच्या पोटातला जोर मोठा, आणि उथळ प्रवाळावर पाऊल पडलं की ती दुपटीने, तिपटीने उभी राहते, हे सुलभाच पलीकडे शाळेच्या सभागृहात, त्याच क्षणी, साठ-सत्तर माणसांना तळवा हलवून समजावत होती.

मी वाळूत एकटा होतो. दहा वाजले होते. बेटाला वेढणाऱ्या प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी काचेसारखं, हिरवं, निश्चल. कोयाक्का आपली होडी वर ओढून सभेला निघाला होता. मी म्हटलं, कड्याबाहेर कासवं दिसतात म्हणे, जाऊन येऊ.

"मैडम मना किया है, सर. ग्यारह बजे से."

"अभी तो दस बजे, इक्का." तिकडे थोरल्या भावाला इक्का म्हणतात.

"आने में टाइम लगेगा. नक्को, सर." माझं हैदराबादी ऐकून त्याने तो शब्द माझ्यावरच उलटवला, आणि हसला.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. मी म्हटलं, "मॅडमकू मैं पच्चीस साल से जानतूँ ना. स्टेशनकू भी घंटा पहले जाती. लिखने में भी घंटा ज़्यादाच लिखती. बारह के पहले कुछ नई होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. रोज सकाळी ज्या आवाजावर त्याने विश्वास ठेवला, त्या आवाजाच्या घरचा माणूस त्याला सांगत होता. "पक्का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पक्का. त्याने होडी पुन्हा पाण्यात ढकलली.

कासवं दिसली. दोन. परतताना आम्ही खिंडीच्या तोंडाशी आलो तेव्हा माझ्या मनगटावर अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. वारा नव्हता, आभाळ स्वच्छ होतं, आणि आमच्या मागे पाणी नुसतं उंच झालं. फेस नाही, गर्जना नाही. जमीन वर यावी तसं ते आलं आणि होडीला उचलून त्याने प्रवाळावर ठेवलं. तडकल्याचा आवाज मला आधी फळ्यांचा वाटला. फळ्यांचा होताच, पण कोयाक्काच्या उजव्या हाताचाही होता. दुसऱ्या लाटेने आम्हाला आतल्या उथळ पाण्यात फेकलं, म्हणून वाचलो.

सभा सुटून सगळं बेट किनाऱ्यावर उभं होतं, आणि त्यांच्या पुढे सुलभा, गुडघ्यापर्यंत पाण्यात. मला तिचा चेहरा आठवतो तो त्या उन्हातला. तिने मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, जिवंत आहे एवढी खात्री केली, आणि ती कोयाक्काकडे वळली. वेदनेने पांढरा पडलेला तो माणूस तिला म्हणाला, "गलती मेरा, मैडम. सर को मैं लेके गया."

पाहुण्याला पाण्यात पाडून वर त्याला दोषी ठरवणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. संध्याकाळी सुलभाने मला विचारलं, "तुम्ही काही बोललात का त्यांना?" आणि माझ्या रीतीत काय बसत होतं पाहा: मी म्हटलं, "नाही गं. तेच म्हणाले, चला."

त्यानंतर सकाळच्या फोनांमध्ये एक बदल झाला. त्या बेटावर ती फोन करायची, पण हाताची चौकशी करून ठेवून द्यायची. समुद्र विचारायला तिने धक्क्यावरचा दुसरा माणूस शोधला. "इशारा मोडणाऱ्याची नोंद कशी धरू?" ती एकदाच म्हणाली, आणि तेही माझ्याकडे न बघता. कोयाक्कानेही कधी आपण होऊन समुद्र सांगितला नाही. हाडं जुळत आली. होडी त्याच्या भावांनी दुरुस्त केली. चौकशीचे फोन आखूड होत गेले, आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यातून, आणि त्या आखूड होत जाणाऱ्या संभाषणांच्या शेवटी येणारी शांतता आमच्या स्वयंपाकघरात मला एकट्याला ऐकू यायची.

तरीही मी बोललो नसतो. मला बोलतं केलं ते तिच्या कामाच्या त्याच निष्ठेने, जिचा मला आज सर्वांत जास्त अभिमान आहे.

गेल्या चैत्रातली रविवारची सकाळ. टेबलावर पोह्यांच्या बशा, आणि तिच्यासमोर कागद पसरलेले. तिने इशाऱ्याचं पत्रक नव्याने लिहायला घेतलं होतं. सहकाऱ्यांना पटवून, वरिष्ठांशी वाद घालून, अकरा महिने ती हेच करत होती, आणि मला ते आता कळत होतं. उत्साहाने सांगू लागली: वेळेचा आकडाच पत्रकातून काढायचा, नुसतं 'आज जाऊ नका' म्हणायचं. अकरा लिहिलं की माणसं दहाला निघतात.

"पण वेळ तर बरोबर होती ना?" मी कसंबसं म्हटलं.

"वेळ बरोबर असून काय करायचंय? कोयाक्कासारखा माणूस चुकला म्हणजे दोष माझ्या लिहिण्यात आहे. तो आडमुठा नाही हो. त्याला माझं वाक्य कळलं नाही. मी इतके महिने तेच शोधायलेय, कुठं कळलं नाही ते."

माझं खोटं तिच्या वहीत जाऊन बसलं होतं. जी बाई रोज सकाळी सहा माणसांना विचारून आपली चूक शोधते, तिला मी एक अशी चूक दिली होती जी तिने केलीच नव्हती. आणि ती प्रामाणिकपणे तिचं उत्तर शोधत होती, एक चांगलं, नेमकं, माणसांना वाचवणारं पत्रक मोडून टाकण्याच्या बेतात होती.

मी सांगितलं. कासवं, दहा वाजता, फलाट, तास, पक्का, सगळं. क्रमाने, वेळापत्रक वाचावं तसं.

तिचा तळवा टेबलावर उपडा पडला होता, अगदी स्थिर. मग तिने जे विचारलं त्यावरून ती कोण आहे हे मला पंचवीस वर्षांनी समजलं.

"म्हणजे पत्रक बरोबर होतं?"

"हो."

"त्यांना कळलं होतं? अकरा म्हणजे अकरा?"

"पूर्ण कळलं होतं. दोनदा नको म्हणाले."

तिने डोळे मिटले, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओझं सरकून गेल्यासारखं झालं. क्षणभरच. पुढच्या क्षणी ती उठली आणि तिचा आवाज चढला, जो मी आयुष्यात चार वेळा ऐकला असेल. "अन् तुम्ही अकरा महिने समोर बसून पोहे खायलात! मी रोज स्वतःला तपासायलेय, त्या माणसाला मी दारात उभं करीना झाले, अन् तुम्ही चटणी मागायलात!"

"सुलभा, चुकलं."

"मला नंतर सांगा. माझा नंबर नंतर."

तिने फोन लावला आणि माझ्यासमोर धरला.

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. कोयाक्का धक्क्यावर होता. माझा आवाज ओळखून तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "सर! हाथ एकदम ठीक है. छोड़ो ना सर वो बात, पुराना हो गया."

"बाजू में कौन हैं, इक्का?"

"सब है. चाय पी रहा है."

"फोन का आवाज़ बड़ा करो. सबको सुनने दो."

त्याने काय केलं ते मला दिसलं नाही, पण पेल्यांचा, हसण्याचा, कोणीतरी कोणाला गप्प करण्याचा आवाज जवळ आला, आणि मग त्या बेटावरची अनेक माणसं माझ्यासाठी थांबली आहेत हे जाणवलं. सुलभा खिडकीशी उभी होती. मी उभा राहिलो; का ते ठाऊक नाही, बसून बोलवेना.

"उस दिन कोयाक्का मना करे थे," मी म्हटलं. "दो दफा मना करे. ज़िद मेरी थी. मॅडम ज़्यादा लिखती, ये झूठ भी मैंइच बोला. मॅडम जो लिखी थी, सही लिखी थी. इनका हाथ मेरी वजह से टूटा, बदनामी भी मेरी वजह से हुई, और मैं चुप बैठा. इक्का, मेरेकू माफ करो. सब लोगां माफ करो."

हात जुळला, होडी जुळली. पण ज्या सकाळी त्या माणसाला कोणी समुद्र विचारला नाही, त्या सकाळी कोणत्याच वहीत नाहीत, आणि मी मागितलेली माफी त्या परत आणू शकत नाही. त्या फक्त त्याला आठवत असतील, आणि यापुढे, रोज एक, मलाही आठवेल.